चौथ्या पिंपावरची तारीख

सोमवार, १२ नोव्हेंबर २०१८

माझा नवरा आन्सेल्म गेल्यापासून ही वही कपाटातच होती. आज काढली, कारण मनातलं कोणाशी बोलावं ते कळत नाही.

मठाच्या शाळेत सिस्टर स्कोलास्तिक आम्हाला रोज दहा ओळी लिहायला लावायच्या. म्हणायच्या, "मुलींनो, दैनंदिनीत खोटं लिहायचं नाही. पण सगळं लिहिलंच पाहिजे असंही नाही." पन्नास वर्षं झाली, मी दोन्ही नियम पाळत आले आहे.

सकाळी रेमीचा लियोंहून फोन आला.

"आई, बाबांची पिंपं फेब्रुवारीत तयार होतात ना?"

"मेणबत्त्यांच्या सणाला. दोन तारखेला."

"मी लाफॉसना घेऊन येतो. बोनचे मोठे वाइन-व्यापारी आहेत. सातही पिंपं चांगली निघाली तर ते सगळंच घेतील. मळा, तळघर, घर, 'ला कोम्ब' हे नावसुद्धा. तुला इथे लिफ्ट असलेली जागा बघून ठेवलीय."

"आणि मायते?"

"मायते तिचं बघेल."

मी त्याला हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पिंपं उघडल्यावर सांगते म्हटलं. ही सात पिंपं आन्सेल्मच्या हातची शेवटची, २०१२च्या द्राक्षांची. शेवटच्या आजारपणात तो म्हणाला होता, "ही उघडेपर्यंत थांब, क्लोतिल्द. पुढे तुला वाटेल ते कर." म्हणजे थांबायची मुदत आता संपत आली.

मायते, रेमीची बायको, काही विचारत नाही. फोन वाजला की ती नेहमी कोंबड्यांना बघायला जाते. आमच्या कोंबड्यांइतकी काळजी कोणाच्या कोंबड्यांची घेतली गेली नसेल.

गुरुवार, १५ नोव्हेंबर

तळघरात जाऊन आले. वर बोचरा वारा होता, खाली मात्र नेहमीसारखं उबदार, ओल्या दगडाचा आणि अक्रोडाचा वास.

पिवळ्या वाइनला कोणी हात लावायचा नसतो. हे आमच्या जुरा प्रांतातलं पोर चालायच्या आधी शिकतं. पिंप भरताना वर थोडी जागा मोकळी सोडायची, बूच घालायचं आणि सहा वर्षं तीन महिने विसरून जायचं. वाइन आटत जाते, तेवढी देवदूत पितात असं आम्ही म्हणतो, आणि तिच्यावर साय धरते. पातळ, करडी साय. दिसायला इतकी वाईट की पहिल्यांदा बघणारा म्हणतो, नासली. तीच साय वाइनला नासू देत नाही.

मायतेच्या माहेरी, तिकडे बोर्दोच्या पलीकडे, उलटं आहे. पिंपात बोटभर जागा दिसली तरी त्यांच्या जिवाला घोर लागतो. दर आठवड्याला घागर घेऊन फिरतात आणि पिंपं काठोकाठ भरून ठेवतात. पिंप रिकामं राहू देणारा माणूस त्यांच्याकडे आळशी ठरतो. आमच्याकडे भरणारा खुनी.

पिंपांवरची धूळ पुसली, फक्त बाहेरून. प्रत्येकावर आन्सेल्मने खडूने लिहिलं आहे, 'ऑक्टोबर २०१२'. त्याचा तो तिरका एक, गोल दोन. सहा पिंपं एका रांगेत आहेत. चौथं जिन्याखाली भिंतीला टेकून, कारण रांगेत जागा नव्हती. त्याच्यावर लिहिलं आहे, 'नोव्हेंबर २०१४'.

माझ्या आजवर लक्षात आलं नव्हतं. शेवटच्या थंडीत त्याचा हात फार थरथरायचा, शर्टाची बटणंही मीच लावायचे. डोक्यातही गोंधळ सुरू झाला असणार आणि त्याने मला कळू दिलं नसणार. बिचारा खडू घेऊन एकटा उभा, आणि वर्ष आठवत नाही. तिथेच पायरीवर बसून रडले.

मंगळवार, २० नोव्हेंबर

रेमीचे शर्ट इस्त्री केले. दोन वर्षांत घातलेले नाहीत, पण घड्या पिवळ्या पडतात. नोकरी संपवून परत आला की लागतील.

त्याला फोन केला तर देल्फिन नावाच्या सहकारी बाईंनी उचलला. परवा रविवार होता, तेव्हाही त्यांनीच उचलला होता. मागे मटण शिजल्याचा आवाज. परगावी मुलाला जेवू घालणारं कोणीतरी आहे, देवाची कृपा.

सोमवार, ३ डिसेंबर

छाटणी सुरू झाली. मळ्याच्या वरच्या तुकड्यात निळी चिकणमाती बुटाला चिकटून बसते. मायते पहाटेपासून वेलींत होती. शेजारचा ओनोरे मदतीला आला. ब्याऐंशीचा आहे, मदत म्हणजे मुख्यतः तोंडाची.

"काय गं बोर्दोवाले, वेल छाटतेयस का केस कापतेयस?"

"तुमच्या डोक्यावर काही उरलं असतं तर तेही कापलं असतं, बाबा."

"वाकव ती काडी. अजून. कमान झाली पाहिजे. तुमच्याकडे वेली शिपायांसारख्या ताठ उभ्या करतात. आमच्या वेली म्हाताऱ्या बायका आहेत. त्यांना वाकूनच बरं वाटतं."

"म्हाताऱ्या बायका ऐकतायत हं, ओनोरे," मी म्हटलं.

"तुला कुठे म्हटलं, क्लोतिल्द! तू कधी कोणापुढे वाकलीस?"

मायते हसली. फार दिवसांनी तिचं हसणं ऐकलं. हसताना ती तोंडावर हात धरते, मातीचा हात, मग नाकाला माती लागते.

तिच्या हसण्यावरून आन्सेल्म आठवला. मायते लग्न होऊन आली त्या वर्षीच्या नोव्हेंबरात एकदा तो तळघरातून वर आला तो डोळे पुसत. हसून हसून खोकल्याची उबळ आली होती. मी पाणी दिलं, म्हटलं, काय झालं? म्हणाला, "कांदा." तळघरात कसला कांदा! त्या दिवशी मायते जेवायला आली नाही. डोकं दुखतंय म्हणाली. नवी होती, घरची आठवण येत असेल.

मंगळवार, २५ डिसेंबर

रेमी आला नाही. रस्त्यावर बर्फ आहे म्हणाला. ओनोरेचा नातू लियोंहूनच आला, तो म्हणाला रस्ते कोरडे आहेत. कुठल्या रस्त्याने आला कोण जाणे.

मी आणि मायते दोघीच. मी पिवळ्या वाइनमध्ये कोंबडी शिजवली, सुकवलेली अळंबी घालून, सासूबाई करायच्या तशी. मायतेने ताटं तीन मांडली. तिसरं रेमीचं असेल असं मला वाटलं. पण ते तिने आन्सेल्मच्या खुर्चीपुढे ठेवलं होतं.

जेवताना तिची नजर माझ्या कमरेच्या किल्लीवर गेली. किंवा मला तसं वाटलं.

या घरात तळघराची किल्ली सासू सुनेला देते. १९१४च्या युद्धात दोन्ही मुलगे गेले, तेव्हापासूनची रीत. त्या वेळच्या सासू एलालीबाईंनी, रोगाने सगळ्या वेली वाळल्या तेव्हा नव्या मुळांवर कलमं करून हा मळा दुसऱ्यांदा उभा केला होता. मुलगे गेल्यावर त्यांनी किल्ली थोरल्या सुनेच्या हातात दिली आणि म्हणाल्या, पुरुष जातात, पिंपं राहतात. मला ती लग्नानंतर चौथ्या वर्षी मिळाली. मायतेला येऊन पाचवं वर्ष चालू आहे. मी म्हणत होते, रेमी परत येऊ दे, दोघांच्या समोर देईन. मायते त्याच्यासाठीच तर थांबली आहे. नाहीतर परक्या मुलुखात सासूपाशी कोण राहील?

बुधवार, ९ जानेवारी २०१९

आज वाईट झालं.

पिंपं उघडायच्या आधीच्या जानेवारीत तपासणीसाठी नमुने काढतात. पिंपाच्या पोटाला खाली बारीक नळी असते, तिच्यातून. वरची साय हलता कामा नये. मी नमुने भरत होते आणि ओनोरे आपल्या सवयीने पिंपावर बोटाच्या पेरांनी ठोकत होता. वरून खाली ठोकत जायचं. आवाज पोकळ आहे तोवर वाइन नाही, भरीव झाला की तिथे वाइन.

"पहिलं, चांगलं पिऊन घेतलंय देवदूतांनी. दुसरं, तसंच. तिसरं, तसंच."

मग जिन्याखालच्या चौथ्यापाशी गेला. ठोकलं. पुन्हा ठोकलं. टोपी काढून कान लावला.

"क्लोतिल्द, हे भरलेलं आहे."

"म्हणजे?"

"इतरांपेक्षा चांगलं वीतभर वर आहे. सहा वर्षं आटलेलं पिंप नाही हे. यात कोणीतरी ओतलंय."

ओनोरेने टोपी परत डोक्यावर घातली. दोघांच्या मनात एकच घागर होती. वळून बघितलं तर मायते जिन्यावर उभी. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

"वरच्या तुकड्यातली तार सैल झालीय," ती म्हणाली आणि गेली.

चौथ्याचा नमुना चाखला. नासलेला नाही. पण आमचा नाही. अक्रोडाचा वास आहे, पण कोवळ्या, हिरव्या सालीच्या अक्रोडाचा. बाकी सहांत सुकं सफरचंद, मोहरी, जुन्या लाकडी कपाटाचा वास, सगळं जागच्या जागी. हे पिंप जणू मध्येच कुठेतरी थांबलं आहे.

आन्सेल्मच्या मुलांसारख्या सात पिंपांतलं एक कोणीतरी बिघडवलं. 

शुक्रवार, ११ जानेवारी

मायतेशी दोन दिवस मीठ-भाकरीपलीकडे बोलले नाही. ती भांडी घासते, मी पुसते. मध्ये नळाचा आवाज.

रेमीला सांगितलं. तो लगेच म्हणाला, "तिनेच केलं असणार. मला आश्चर्य वाटत नाही." मग थोड्या वेळाने, "हे बघ, आई, काही बिघडत नाही. ते चौथं बाकी सहांत थोडं थोडं मिसळून टाक. लाफॉसना कळणार नाही."

"कळणार नाही?"

"आणि ती चुकीची तारीख पुसून नीट लिही. व्यापाऱ्यापुढे घर गबाळं दिसायला नको. बाबांना शेवटी कळत नव्हतं हे त्यांना कशाला दाखवायचं?"

मिसळायचं तर मी करणार नाही. साय फोडून पिंपात हात घालायचा, तोही आन्सेल्मच्या! पण तारखेचं तो बरोबर बोलला. आन्सेल्मचा गोंधळ परक्या माणसांनी का बघावा? त्याची लाज मीच झाकली पाहिजे. उद्या ओलं फडकं आणि खडू घेऊन जाईन.

शनिवार, १२ जानेवारी

सगळं नीट, क्रमाने लिहिते.

सकाळी न्याहारीनंतर खाली गेले. फडकं ओलं करून पिळलं. चौथ्या पिंपापाशी वाकले, आणि 'न'वर फडकं टेकवणार तोच वरून आवाज आला.

"पुसू नका!"

मायते धावत जिना उतरली, शेवटच्या दोन पायऱ्या चुकवून. माझं मनगट धरलं. पाच वर्षांत तिने मला कधी असं धरलं नव्हतं.

"आई, पुसू नका. ती चूक नाहीये."

"नोव्हेंबर २०१४ चूक नाही? द्राक्षं २०१२ची आहेत, मुली!"

"द्राक्षं २०१२चीच आहेत. पण या पिंपाचा दिवस २०१४ला सुरू झाला. मी भरलं होतं ते."

मी फडकं खाली ठेवलं. ती पायरीवर बसली, मी दुसऱ्या पायरीवर. दोघींच्या मध्ये ते पिंप.

"मी नवीन होते. तुम्ही सगळे जत्रेला गेला होतात. मला वाटलं, काहीतरी काम करून दाखवावं. तळघराचं दार उघडं राहिलं होतं. खाली आले, बूच काढून बघितलं तर आत इतकी मोकळी जागा! आणि वर बुरशी. मला वाटलं, बाबा आजारी आहेत, कोणी लक्ष दिलं नाही, वाइन मरतेय. मी बुरशी... मी साय काढून टाकली, आई. पळीने. आणि साध्या पांढऱ्या वाइनच्या पिंपातून घागर भरून आणली आणि काठापर्यंत ओतली. फार बरं वाटलं मला. पाचव्याकडे निघाले होते, तेवढ्यात तुम्ही परतलात आणि बाबा खाली आले."

"मग?"

"त्यांनी घागर बघितली. पिंप बघितलं. पळी बघितली. आणि हसायला लागले. मला वाटलं रडतायत. इतके हसले की पिंपाला धरून उभे राहिले. म्हणाले, 'तीनशे वर्षं आम्ही हिला हात लावला नाही, आणि तू पोरी तिची साय काढून टाकलीस, दुधावरची काढतात तशी!'"

कांदा. मी तोंडावर हात धरला.

"मग त्यांनी काय केलं?"

"वाइन थोडी काढून घेतली, जागा केली. शेजारच्या पिंपातली साय चमच्याच्या टोकावर घेऊन यात सोडली, अलगद, विरजण लावतात तशी. म्हणाले, 'मरत नाही ती. पुन्हा धरेल. फक्त आजपासून मोजायचं.' आणि खडू घेतला. हात थरथरत होता, मी मनगट धरलं होतं. पण वर्ष त्यांना बरोबर माहीत होतं."

"मला का नाही सांगितलंस?"

"ते म्हणाले, क्लोतिल्दला सांगू नकोस. ती तुला रागवणार नाही, पण ती दर रविवारी तुझ्यासाठी प्रार्थना करेल, आणि ते तुला सोसणार नाही."

ते खरं आहे. केली असती.

"मी त्यांना शब्द दिला होता," मायते म्हणाली, "की हे पिंप मी स्वतः उघडेन, त्याच्या दिवशी. म्हणून मी इथे आहे."

मी म्हटलं, "मला वाटत होतं तू रेमीची वाट बघतेयस."

 ती ओल्या फडक्याची घडी घालत राहिली, कोपऱ्याला कोपरा जुळवून. सिस्टर स्कोलास्तिकचा दुसरा नियम तिलाही कोणीतरी शिकवलेला दिसतो.

मग ती उठून म्हणाली, "मागचं वाचलंत का तुम्ही?"

"मागचं कसलं?"

तिने भिंतीकडच्या फटीत आरसा धरला, खिशातला छोटा, आणि मी दिवा. आरशात अक्षरं उलटी दिसत होती. हळूहळू लावत वाचली. तिरकी, थरथरणारी, पण ओळ सरळ:

'मायतेचं पिंप. फेब्रुवारी २०२१ च्या आत कोणी बूच काढायचं नाही. क्लोतिल्दनेसुद्धा.'

वर येऊन दोघींनी कॉफी घेतली. तिने माझ्या कपात साखर घातली, मी घेत नाही तरी. मी प्यायले.

शनिवार, २ फेब्रुवारी

मेणबत्त्यांचा सण. सकाळी चर्चमधून मेणबत्ती आणली, मायतेने धिरडी घातली. ओनोरे पहिलं धिरडं उडवायला गेला ते कपाटावर पडलं. "ते घरासाठी," म्हणाला, "घराला नशीब लागतं." खरंच तशी रीत आहे. पण त्याने तसं ठरवून उडवलं नव्हतं.

अकराला रेमी आला. अंगात मी न बघितलेला कोट. लाफॉस सभ्य गृहस्थ आहेत. जिना उतरताना त्यांनी दगडाला हात लावून बघितला, ते मला आवडलं.

पहिलं पिंप उघडलं. दुसरं. तिसरं. लाफॉस बोलायचे थांबले. पाचव्यापाशी त्यांनी डोळे मिटले आणि चीजचा तुकडा हातातच राहिला. मीही चाखलं. जीभ सांगत होती, वाइन. पण मला आन्सेल्मचा जुना लोकरी स्वेटर आठवत होता, पावसात भिजून चुलीशी वाळत घातलेला. सहा वर्षं तीन महिने. तो या खोलीत होता. एवढं मी खात्रीने लिहू शकते.

"आणि ते जिन्याखालचं?" लाफॉसनी विचारलं.

रेमीने माझ्याकडे बघितलं.

"ते तयार नाही," मी म्हटलं.

"वर्ष तर तेच ना?"

"वर्ष तेच. पण त्यात घरच्याच माणसाकडून पांढरी वाइन पडली होती, नकळत. नव्याने साय धरली आहे. ते २०२१च्या फेब्रुवारीत उघडेल."

लाफॉस वाकले, तारीख वाचली, ओठांतल्या ओठांत मोजलं. मग माझ्यापुढे मान थोडी झुकवली. "असं कोणी सांगत नाही, मादाम," म्हणाले. "मी दोन वर्षांनी चव घ्यायला आलो तर चालेल?"

"चव घ्यायला, हो. घर तेव्हाही विकाऊ नसेल."

ते वर गेले. रेमी थांबला.

"आई, एका पिंपासाठी?"

"हो."

"दोन वर्षं? या घरात, या वयात, तिच्याबरोबर? आई, तुला कळत नाहीये. ती माझी बायको उरलेली नाही. केव्हाचीच."

मायते जिन्याच्या तोंडाशी उभी होती, हातात धिरड्यांची ताटली. हलली नाही.

मी म्हटलं, "कळतं मला, रेमी. मटणाचा वास फोनवर येत नाही, पण शिजल्याचा आवाज येतो. ती तुझी बायको नसेल. सून माझी आहे."

कमरेची किल्ली सोडायला वेळ लागला. चाळीस वर्षांची गाठ, आणि बोटं आता वळत नाहीत. मायतेने ताटली ओनोरेच्या हातात दिली आणि माझ्यापुढे गुडघ्यावर बसून ती गाठ सोडवली. किल्ली तिच्याच हातात राहिली. मी परत मागितली नाही.

रेमी जेवून गेला. उपाशी पाठवायला मी काही त्याची शत्रू नाही. जाताना त्याला घट्ट धरलं. नव्या कोटाला अनोळखी वास होता, मान मात्र त्याचीच, लहानपणीची. शर्ट इस्त्री केलेले होतेच, पेटीत भरून त्याच्या गाडीत ठेवले. देल्फिनला सांग, म्हटलं, कॉलर उलटी करून वाळत घालायची. त्याच्या खोलीचं कपाट मायतेला छाटणीच्या कपड्यांसाठी हवं आहे.

आता खालून ठोकण्याचा आवाज येतो आहे. पोकळ, पोकळ, भरीव. मायते चौथ्यापाशी आहे.

दोन वर्षांनी मी अडुसष्टची असेन. जमेल.